बाळाआधी आलेला चीक

"ताई, आत्ता कुठं आठवा लागलाय, अन् झंपराला पिवळे चिकट डाग पडायलेत. काही बिघडलं तर नाही ना?"

हा प्रश्न डॉक्टरांच्या टेबलासमोर सहसा विचारला जात नाही. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात तो बाहेरच्या बाकड्यावर विचारला जातो, आशाताईला, आवाज उतरवून. अलीकडे त्याला एक दुसरा प्रश्नही जोडून येतो, मोबाइलमुळे. "व्हिडिओत दाखवायलेत, बाळंतपणाच्या आधीच दूध काढून बाया सिरिंजमधी भरून ठेवायल्यात. आपण बी ठेवावं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं: काही बिघडलेलं नाही. स्राव लालसर असेल, किंवा गाठ हाताला लागत असेल, तर मात्र तपासून घ्यावं. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणून भागत नाही आणि 'नाही' म्हणूनही भागत नाही. त्याच्यासाठी हे प्रकरण.

१. खरवस माहीत, चीक माहीत नाही

आपला हा मुलूख गायीगुरांचा. देवणी गाय लातूर जिल्ह्यातल्या देवणीची, लाल कंधारी नांदेडमधल्या कंधारची. गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध घट्ट, पिवळसर येतं. त्याला आपण चीक म्हणतो. वासरू पिऊन उरलेल्या चिकाचा खरवस होतो, त्यात गूळ-वेलदोडा पडतो आणि वाट्या भरून शेजारीपाजारी जातात. चीक ही चांगली वस्तू आहे, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बाईच्या छातीत पहिले काही दिवस जे येतं, तोही चीकच. पिवळा, चिकट, थोडा. पण इथे आपला न्याय बदलतो. 'नऊ महिने साचलेलं दूध', 'शिळं', 'बाळाला बाधेल' असं म्हणत कितीतरी घरांत तो पिळून टाकला गेला आणि बाळाच्या तोंडाला सोन्याच्या अंगठीने मध लावला गेला, नाहीतर साखरपाणी. गायीचा चीक वाटीत आणि सुनेचा मोरीत! हा विरोधाभास मला फार जुना आणि फार आपला वाटतो.

त्या पिवळ्या थेंबात काय असतं? रंग येतो तो बीटा कॅरोटीनमुळे, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्याच द्रव्यामुळे. शरीर त्याचं 'अ' जीवनसत्त्व करतं. नंतरच्या दुधापेक्षा चिकात चरबी आणि साखर कमी, प्रथिनं जास्त. त्या प्रथिनांतला मोठा वाटा रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा. बाळाचं आतडं जन्माच्या वेळी नव्या सारवलेल्या अंगणासारखं असतं, अजून कुणाचंच पाऊल न पडलेलं. चिकातली प्रतिपिंडं त्या आतड्यावर आतून लेप देतात आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. मधाने यातलं काहीच होत नाही. उलट मधात कधीकधी अशा जंतूंचे बीजाणू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाला ते लुळं पाडू शकतात.

२. गेट कुणी धरून ठेवलंय?

मग हा चीक आठव्या महिन्यातच का झिरपतो? आणि चीक तयार असेल, तर दूध बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत का थांबतं?

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. दरवाजे खाली असतात तेव्हा मागे पाणी साठलेलं असतं, पण पुढच्या पात्रात वाहताना दिसतो तो थोडासा पाझर. दरवाजे उचलले की चित्रच बदलतं. छातीचंही साधारण असंच आहे. गरोदरपणाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे चौथ्या महिन्यात, छातीतल्या दूधग्रंथी चीक बनवायला लागतात. पण खरा प्रवाह सुरू होत नाही, कारण दरवाजे खाली धरून ठेवणारा एक द्वारपाल असतो. त्याचं नाव प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारं रसायन, गरोदरपणात मुख्यतः वारेत तयार होतं. वार शरीरात आहे तोवर द्वारपाल जागेवर. झंपराला डाग पडतात तो बंद दरवाज्याच्या फटीतला पाझर. कुणाला पडतात, कुणाला नाही. न पडणाऱ्या बाईचं धरण रिकामं असतं असं मुळीच नाही.

बाळ जन्मतं, त्यामागून वार पडते आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला लावणारं संप्रेरक आधीपासूनच भरपूर असतं, त्याला आता अडवणारं कुणी उरत नाही. दरवाजे सावकाश उचलले जातात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती जड होते, पान्हा फुटतो. सुश्रुतसंहितेतही प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी दूध उतरतं अशी नोंद आहे. निरीक्षण अगदी बरोबर होतं. चुकलं ते इतकंच की मधल्या दिवसांत बाळाला मध-तूप द्यायला सांगितलं गेलं.

यातून दोन गोष्टी आपोआप समजतात. 'सिझर झालंय, आता दूध कुठलं येणार?' हे वाक्य खोटं आहे. वार पोटातून काढली काय आणि खालून पडली काय, दरवाजा उघडायचा इशारा तोच. सिझरनंतर पान्हा थोडा उशिरा येऊ शकतो, पण येतो. दुसरी गोष्ट: वारेचा एखादा तुकडा आत राहिला तर दूध लांबतं, कारण द्वारपालाचा एक माणूस अजून पहाऱ्यावर असतो. म्हणून चौथा-पाचवा दिवस उलटूनही छाती हलकीच राहिली आणि अंगावरून रक्तही जास्त जात असेल, तर दवाखाना गाठायचा.

३. 'व्यायच्या आधी धार काढत नसतात'

आता गावातला जाणता माणूस एक शंका काढेल, आणि त्याची शंका रास्त आहे. गाभण गाय व्यायच्या आधी कुणी पिळत नाही. पिळली तर वासराच्या वाट्याचा चीक जातो. मग बाईचा चीक आधी काढला, तर लेकराला काय उरेल?

गायीबाबत तो शंभर टक्के बरोबर आहे. गायीच्या वारेतून प्रतिपिंडं वासराकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते नि:शस्त्र. त्याचं सगळं संरक्षण गाय व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कासेत गोळा करून ठेवते आणि व्यायच्या सुमाराला हे गोळा करणं थांबतं. पेव एकदाच भरलेलं. ते आधी उपसलं तर नंतरच्या दुधात तेवढा दम नसतो. वासराचं आतडंही ही प्रतिपिंडं साधारण पहिल्या दिवसापुरतीच रक्तात शोषून घेतं, म्हणून वासराला तासा-दोन तासांत चीक पाजण्याची घाई.

बाईची व्यवस्था वेगळी. तिची वार एका प्रकारची प्रतिपिंडं शेवटच्या तीन महिन्यांत थेट बाळाच्या रक्तात पोहोचवते, त्यामुळे बाळ थोडीफार शिदोरी घेऊनच येतं. चिकातली प्रतिपिंडं बहुतेक दुसऱ्या प्रकारची, आतड्याच्या राखणीची. ती छातीत सतत बनत राहतात, पुढे दुधातही येतात. हे पेव नाही, हा झरा आहे. नवव्या महिन्यात दहा थेंब काढले तरी बाळंतपणाच्या दिवशी चीक असतोच, कारण द्वारपाल हटेपर्यंत छाती तेच बनवत असते.

गायीच्या शहाणपणातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: घाई. भारतात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजली गेलेली बाळं केवळ ४१.८ टक्के. हे आकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले. घर सोडून दवाखान्यात गेलो, पण वासराला मिळणारी घाई लेकराला मिळाली नाही.

४. मग आधी काढायचा तरी कशासाठी?

सर्वसाधारण बाईला गरज नसते. बाळ वेळेवर, धडधाकट, आईजवळ असेल तर तेच उत्तम पंप आहे. आधी काढून ठेवण्याचा विचार पुढे आला तो काही ठरावीक अडचणींसाठी, आणि त्यांत पहिला नंबर गरोदरपणातल्या मधुमेहाचा.

लातूरकरांना डाळमिल समजावून सांगायला नको. समजा, एका मिलला रोज ठरल्यापेक्षा दुप्पट तूर येऊ लागली. मालकाने यंत्रं वाढवली, कामगार वाढवले. एके दिवशी अचानक आवक बंद झाली. यंत्रं मात्र त्याच वेगात फिरत राहिली आणि तासाभरात गोदामातला शिल्लक मालही फस्त झाला. मधुमेही आईच्या बाळाचं असंच होतं. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. बाळ आपलं इन्शुलिन वाढवतं. नाळ कापली की साखरेची आवक एका क्षणात थांबते, इन्शुलिनची यंत्रं चालूच. पहिल्या काही तासांत बाळाची साखर खाली घसरते. बाळ थरथरतं, सुस्त होतं, कधी दूध ओढत नाही.

अशा वेळी बाळाला लगेच काहीतरी पाजावं लागतं. आईच्या छातीतून थेट पुरेसं गेलं नाही, तर वरच्या पावडरच्या दुधाचा डबा उघडतो. आईचाच चीक हाताशी असेल तर तो डबा न उघडता काम भागू शकतं. आधी काढून ठेवण्यामागचा विचार इतका सरळ आहे.

इथे एक सूचना. सरकारी तपासणीत गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त असली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपाशीपोटी असण्याचीही अट नाही. 'लई गोड पाणी पाजायलेत, उलटी होती' म्हणून ही तपासणी टाळणाऱ्या बाया असतात. टाळू नये. मधुमेह आहे हेच माहीत नसेल, तर पुढची सगळी तयारी कुणासाठी करायची?

मधुमेहाखेरीज आणखी काही बायांना डॉक्टर हा मार्ग सुचवू शकतात: सोनोग्राफीत बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला दिसला असेल, बाळाची वाढ कमी असेल, आईला रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, छातीवर शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा मागच्या खेपेला दूध फारच कमी उतरलं असेल. सिझर आधीच ठरलेलं असेल तरीही.

५. कळा सुरू होतील का?

सासूबाईंची भीती ही असते, आणि तिला आधार आहे. छाती चोळली, बोंडाला उत्तेजन मिळालं की ऑक्सिटोसिन सुटतं. पान्हा सोडणारं संप्रेरक हे, आणि गर्भाशय आवळणारंही हेच. कळा वाढवायला दवाखान्यात सलाइनमधून देतात ते याचंच औषधरूप. दिवस भरलेल्या बायांवर झालेल्या काही प्रयोगांत, बराच वेळ स्तनांना उत्तेजन दिल्यावर ७२ तासांत सुमारे ३७ टक्के बायांना कळा लागल्या होत्या, न दिलेल्यांत सुमारे ६ टक्के. पण गर्भाशयाचं तोंड कळांसाठी आधीच तयार झालेलं असेल तरच हा परिणाम दिसला. तोंड तयार नसेल तर गर्भाशय या निरोपाकडे लक्ष देत नाही. खेड्यात अंगावर पिणारं मोठं लेकरू असताना पुन्हा दिवस गेलेल्या कितीतरी आया असतात. बहुतेकींचं बाळंतपण वेळेवरच होतं.

तरी मोजून बघायला हवं होतं. ते मोजलं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, आणि २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मधुमेह असलेल्या, पण बाकी कुठलाही मोठा धोका नसलेल्या ६३५ गरोदर बायांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाने ३६ व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं हाताने चीक काढला, दुसऱ्याने काढला नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात जाणारी बाळं पहिल्या गटात १५ टक्के, दुसऱ्यात १४. म्हणजे सारखीच. आणि पहिल्या २४ तासांत फक्त आईचंच दूध मिळालेली बाळं पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ६०. फायदा झाला, पण चमत्कार नाही. नव्वद टक्के वगैरे सांगणाऱ्या व्हिडिओंवर म्हणून विश्वास ठेवू नये.

'बाकी कुठलाही मोठा धोका नसलेल्या' हे शब्द नजरेआड होता कामा नयेत. मागचं बाळंतपण दिवसांआधी झालं असेल, या खेपेला अवेळी कळा येऊन गेल्या असतील, अंगावरून रक्त गेलं असेल, वार खाली सरकलेली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, तर हे करायचं नाही. जुळी असतील तर डॉक्टर सांगतील तसंच. आणि ज्यांना करायला हरकत नाही त्यांनीही ३६-३७ आठवड्यांच्या आधी नाही, आपल्या मनाने नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर समोर असतात. 'मी चीक काढायला शिकू का?' एवढं त्या दिवशी विचारायचं. काढताना पोट कडक व्हायला लागलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर हात थांबवायचा आणि दवाखान्यात कळवायचं.

६. धार नव्हे, थेंब

गायीची धार काढायची सवय असलेल्या हाताला हे काम आधी चुकीचं येतं. गायीच्या कासेत दूध साठायला मोठी पोकळी असते, म्हणून सड मुठीत धरून पिळला की धार लागते. बाईच्या छातीत अशी टाकी नाही. बोंड ओढून काहीच मिळत नाही, मिळते ती फक्त आग.

हात साबणाने धुवायचे. निवांत, पाठ टेकून बसायचं. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल छातीवर ठेवायचा, मग बोटांनी हलकेच गोल गोल चोळायचं. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, इंग्रजी 'सी'सारखी, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, साधारण काळ्या वर्तुळाच्या कडेला. आता तीन हालचाली: आधी सरळ बरगड्यांकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडून द्यायचं. दाब, आवळ, सोड. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत. पहिली दोन-तीन मिनिटं काही येत नाही, मग बोंडावर एक चमकदार थेंब उभा राहतो. थेंब थांबले की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी पुढे सरकवायची, मग दुसरी बाजू. दुखत असेल तर पद्धत चुकतेय.

पंप या कामाला नको. चीक इतका थोडा आणि चिकट की तो पंपाच्या नळीलाच लागून राहतो. स्टीलचा उकळून घेतलेला चमचा पुरतो. साठवायचाच असेल तर बिनसुईची एक मिलिलिटरची सिरिंज. थेंब बोंडावरूनच सिरिंजमध्ये ओढून घेता येतो.

७. चार थेंबांचा हिशेब

"एवढ्यानं काय व्हतंय?" हे वाक्य दरवेळी ऐकू येणार, म्हणून हिशेब करून टाकू.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला २ ते १० मिलिलिटर पितं. चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा. म्हणजे एका वेळेला अर्धा ते दोन चमचे. त्याचं पोट तेवढंच आहे.

आता समजा, एका बाईने डॉक्टरांना विचारून सदतिसावा आठवडा लागल्यावर दिवसातून दोनदा सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दरवेळी चार थेंब, म्हणजे सुमारे ०.२ मिलिलिटर. दोनदा, सात दिवस: २.८. दुसऱ्या आठवड्यात हात बसला, दरवेळी अर्धा मिलिलिटर: ७. तिसऱ्यात एक-एक मिलिलिटर: १४. तीन आठवड्यांची बेरीज २३.८ मिलिलिटर. दरवेळी ५ मिलिलिटर धरलं तर जवळजवळ पाच वेळच्या पाजण्याइतकं. मधुमेही आईच्या बाळाचे पहिले अवघड तास निघून जातील इतकं.

कुणाला याच्या दुप्पट मिळेल, कुणाचा चमचा कोरडाच राहील. बंद दरवाज्याच्या फटीतून किती पाझरलं यावरून धरणात किती पाणी आहे हे ठरत नाही.

८. फ्रिज, बर्फ आणि वैशाख

व्हिडिओतल्या बाया सिरिंज फ्रीजरमध्ये ओळीने लावतात आणि प्रश्न मिटतो. आपल्याकडे तो तिथे सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर, दुपारी वीज गेलेली, आणि फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडणारी पोरं घरात.

दिवसभरात काढलेला चीक एकाच सिरिंजमध्ये भरता येतो, मधल्या वेळात ती टोपण लावून फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला. चोवीस तास झाले की तारीख लिहून, स्वच्छ झाकणबंद डब्यात घालून गोठवायची. वेगळं दार असलेल्या चांगल्या फ्रीजरमध्ये ती काही महिने टिकते. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त भरवसा धरू नये. वीज जाऊन एकदा पूर्ण वितळली की पुन्हा गोठवायची नाही. दवाखान्यात नेताना थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात. वितळवताना सिरिंज कोमट पाण्यात धरायची. गॅसवर नाही, उकळायची तर नाहीच, उकळल्यावर ज्या प्रतिपिंडांसाठी एवढा खटाटोप केला तीच मोडतात.

आणि हे सगळं करण्याआधी, जिथे बाळंतपण व्हायचंय तिथल्या सिस्टरांना विचारायचं: तुमच्याकडे ठेवायला फ्रिज आहे का, बाळाला तुम्ही हे द्याल का? आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या फ्रिजमधला चीक माहेरच्या दवाखान्यात पोहोचवायचा म्हणजे एसटीचा प्रवास. हे घडण्यातलं आहे का, याचा विचार पहिला थेंब काढण्याआधीच झालेला बरा.

९. सिरिंजपेक्षा हात

इतकं वाचल्यावर कुणी म्हणेल, हे सगळं फ्रिजवाल्यांसाठी. कारखान्यावर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड बाईला काय उपयोग? मला उलट वाटतं. चीक काढण्याच्या या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट फ्रिजमध्ये ठेवायची नाहीच. ती हातात येते.

एखादी बाई सिझर होऊन वॉर्डात पडली आहे. हाताला सलाइन, कमरेखाली अजून बधिर. बाळाला श्वासाचा थोडा त्रास, म्हणून ते दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. तिथून निरोप येतो: बाळाला दूध पाठवा. बाईने आयुष्यात कधी चीक काढलेला नाही. छाती मऊ, आई म्हणते, "दूधच नाही बघा हिला." नवरा मेडिकलवर धावतो आणि डबा येतो. या साखळीतली एकच कडी बदलायची. बाईला आठवड्यापूर्वी दाब-आवळ-सोड दोन-चारदा जमलेलं असेल, आपल्या बोंडावर पिवळा थेंब उभा राहतो हे तिने पाहिलेलं असेल, तर ती 'दूधच नाही' वर मान डोलवणार नाही. ती चमचा मागेल. तिचा हात चालत नसेल तर शेजारी बसलेली मावशी चमचा धरेल.

आईने हाताने काढलेलं दूध दवाखान्यात किती चालू शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. स्तनपानासाठी देशभर काम करणारं बीपीएनआय हे जाळं १९९१ मध्ये वर्ध्यात उभं राहिलं. १९९२ च्या कायद्याने पावडरच्या डब्यांची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला बंदी आली. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. तरीही डबा घरात येतोच, कारण तो जाहिरातीमुळे येत नाही. तो पहिल्या दोन दिवसांतल्या घाबरण्यामुळे येतो.

आणि डबा आला की पाणी लागतं. उकळलेलं, गार केलेलं, दर दोन-तीन तासांनी. लातूरला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती आणि लोक टँकरमागे घागरी घेऊन धावत होते. अशा उन्हाळ्यात बाटली स्वच्छ धुवायची म्हटली तरी हंड्यातलं पाणी मोजावं लागतं.

म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर मधुमेह नसलेल्या बाईनेही सदतिसावा आठवडा लागल्यावर हे दोन-चारदा शिकून घ्यावं. साठवायला नाही, फक्त शिकायला. आशाताईला विचारावं, सिस्टरला विचारावं. विचारताना लाज वाटली तर ती बाकड्यावर बसलेल्या बाकीच्या सगळ्यांनाही वाटतेच आहे.

राहिला तो प्रश्न, जो बहुतेक बाया विचारत नाहीत आणि मनात ठेवून घरी जातात: शिकले, बसले, दाबलं, आणि एक थेंबही आला नाही तर? तर चमचा धुऊन ठेवायचा. द्वारपाल अजून जागेवर आहे. वार पडल्यावर, पहिल्या तासात, बाळाला छातीशी घ्यायचं, आणि ते ओढत नसेल तर तोच चमचा पुन्हा धरायचा.